उस्तादांना ट्रस्टी करताना

उस्तादांच्या वहीत पन्नास म्हणजे एक गोल आणि त्याच्यापुढे एक ठिपका. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, शून्य लिहून पूर्णविराम दिलाय. त्यांचा अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. उस्ताद सुदानहून आश्रय मागायला आलेले. तिकडे ते शाळेचे हिशेब बघायचे. इथे इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या आमच्या छोट्या संस्थेत दर बुधवारी धान्यवाटपाला यायचे आणि महिन्याभरात वही आपसूक त्यांच्याकडे गेली. कागदोपत्री खजिनदार मी. खरा हिशेब त्यांचा.

आमची संस्था आश्रय मागणाऱ्या लोकांसाठी काम करते, पण ट्रस्टींमध्ये आश्रय मागणारं कुणीच नव्हतं. सहा जण, त्यातले चार निवृत्त. २०२३ च्या फेब्रुवारीत मी सुचवलं की उस्तादांना घेऊ या. आमच्या अध्यक्षबाईंचा पहिला प्रश्न होता, "पण त्यांना कामाची परवानगी नाही ना?" नव्हतीच. आश्रयाचा अर्ज बारा महिन्यांहून जास्त रखडला, तोही स्वतःची चूक नसताना, तर कामाची परवानगी मागता येते आणि मिळाली तरी ठराविक यादीतल्याच नोकऱ्यांसाठी. पण ट्रस्टीला पगार नसतो आणि आश्रयाचा अर्ज केलाय म्हणून ट्रस्टी होता येत नाही, असा नियम नाही. हे समजलं तेव्हा वाटलं, झालंच काम.

माझे बाबा सांगलीकडच्या एका वाचनालयाचे विश्वस्त होते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा, म्हणून काखेत फाइल घेऊन ते निघायचे. त्या मानाने इथे सगळं ऑनलाइन. फक्त प्रत्येक नव्या ट्रस्टीने एका घोषणापत्रावर सही करायची: मी अपात्र नाही. दिवाळखोर नाही, अमुक शिक्षा झालेली नाही, वगैरे. ही अपात्रता चॅरिटीज कायदा २०११ च्या कलम १७८ मध्ये आहे आणि १ ऑगस्ट २०१८ पासून तिची यादी बरीच वाढली. त्या यादीतली जुनीच ओळ आम्हाला नडली: अप्रामाणिकपणाचा किंवा फसवणुकीचा गुन्हा, ज्याची शिक्षा अजून 'स्पेंट', म्हणजे कालबाह्य, झालेली नाही.

उस्तादांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "सिस्टर, मी तुरुंगात होतो."

२०२१ साली इथल्या विमानतळावर कॅनडाच्या विमानात चढताना दुसऱ्याच्या नावाच्या पासपोर्टवर ते पकडले गेले. ड्यूटीवरच्या वकिलाने सांगितलं, गुन्हा कबूल करा, शिक्षा कमी होईल. त्यांनी केला. नऊ महिने. खरं म्हणजे निर्वासितांच्या कराराचं कलम ३१ सांगतं की जिवाच्या भीतीने थेट पळून आलेल्याला, तो लगेच पुढे आला तर, बेकायदा शिरल्याबद्दल शिक्षा करू नये. इथल्या १९९९ च्या कायद्यात त्याच धर्तीवर खोट्या कागदपत्रांच्या खटल्यात बचावही दिलाय. २०२१ साली, वाटेत इथे विमान बदलणाऱ्यालाही तो लागू पडू शकत होता. पण तो मांडायला हवा, आणि त्यासाठी वकिलाला तो माहीत हवा. अशा कबुल्यांची कितीतरी प्रकरणं चुकीच्या शिक्षा तपासणाऱ्या क्रिमिनल केसेस रिव्ह्यू कमिशनने परत अपिलात पाठवलीत, हे मला त्या आठवड्यात वाचताना कळलं. उस्तादांना अपील नको होतं. त्यांचं आश्रयाचंच अपील चालू होतं, डोक्याला दुसरा व्याप नको.

त्यांचा गुन्हा त्या ओळीत बसतो का, यावर वाद घालता आला असता म्हणे. पण अपात्र असून ट्रस्टी म्हणून बसणं हाच वेगळा गुन्हा आहे, तेव्हा कुणाचीच छाती होईना. चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे इथल्या धर्मादाय कार्यालयाकडे, सूट मागता येते. मी अर्ज काढूनही ठेवला. उस्ताद नको म्हणाले. "अजून एका कार्यालयात माझ्या नावाची फाइल कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नेमकं तेव्हाच, ७ मार्चला, सरकारने इल्लीगल मायग्रेशन बिल, म्हणजे बेकायदा मार्गाने देशात येणाऱ्यांविरुद्धचं विधेयक, मांडलं. संसदेची मानवी हक्कांची संयुक्त समिती, म्हणजे दोन्ही सभागृहांचे मिळून बारा सदस्य, त्याची छाननी करत होती आणि लेखी म्हणणं मागवत होती. मी उठले आणि लिहायलाच बसले. रागाच्या भरात चार पानं झाली, त्यातली तीन कलम १७८ बद्दल.

अध्यक्षबाईंनी लाल पेनाने तीनही काढली. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. म्हणाल्या, समितीपुढे हे बिल आहे, चॅरिटी कायदा नाही. त्यांच्या कामाचं तेवढं लिही. आधी मी फुरंगटले. मग पटलं. त्या तीन पानांचा उरला एक परिच्छेद, आणि तोच चांगला उतरला: माणूस कसा आला याची शिक्षा त्याला एकदाच होत नाही, ती पुढे भलत्याच दारांवर जाऊन उभी राहते, अगदी फुकट सेवा करायच्या दारावरही.

बाकी नियम सोपे होते. परिच्छेदांना आकडे घालायचे. तेच म्हणणं आधी दुसरीकडे छापलेलं नको. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं सांगायचं. आम्ही विमानतळ, महिना, देश, सगळं काढून टाकलं, तेव्हा उस्ताद वाचून म्हणाले, "आता हा माणूस कोण, मलाही ओळखू येत नाही." एका ट्रस्टींना धास्ती होती की संस्थेने राजकारणात पडलं म्हणून नोंदणी जाईल. त्यांना चॅरिटी कमिशनचंच मार्गदर्शन दाखवलं. संस्थेच्या उद्देशासाठी कायद्याबद्दल बोलता येतं, पक्षाचा प्रचार करता येत नाही. बिलाच्या विरोधात कुठला पक्ष आहे, ते आम्ही लिहिलंच नव्हतं.

जूनमध्ये समितीचा अहवाल आला. या बिलामुळे देशाची मानवी हक्कांबाबतची अनेक आंतरराष्ट्रीय बंधनं मोडतील असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. आमच्या परिच्छेदाचा वास मी पानापानावर शोधला, तो काही लागला नाही. २० जुलैला बिलाचा कायदा झाला.

आमचा पेच मात्र सुटला तो भलत्याच वाटेने. २०२२ मध्ये झालेल्या एका पोलिसी कायद्यात शिक्षा कालबाह्य व्हायच्या मुदती कमी केल्या होत्या, पण ते कलम लागू व्हायचं राहिलं होतं. ते २८ ऑक्टोबर २०२३ ला लागू झालं. जुन्या हिशेबाने उस्तादांची शिक्षा संपल्यावर चार वर्षं, म्हणजे २०२६ चा मार्च. नव्या हिशेबाने वर्षापर्यंतच्या कैदेला पुढे बारा महिने. जुन्या शिक्षांनाही तेच. म्हणजे शुक्रवारी अपात्र असलेला माणूस शनिवारी पात्र, मध्ये त्याने काहीही न करता. मी तीनदा तारखा मोजल्या. आश्रयाच्या कज्जात मात्र ही कालबाह्यता चालत नाही, तिथे ते नऊ महिने अजून ताजेच.

पुढचं भराभर झालं. ट्रस्टींची नावं कमिशनच्या जाहीर नोंदवहीत दिसतात, पण जिवाला धोका असेल तर नाव झाकून मिळतं. ते मागितलं, मिळालं. बँकेत सहीसाठी त्यांचं नाव घालायला गेले तर काउंटरवरच्या मुलाने आश्रयार्थीचं ओळखपत्र उलटंपालटं करून बघितलं आणि पासपोर्ट आहे का विचारलं. उस्ताद हसले. मी नाही. चेकवरची सही माझीच राहिली.

जानेवारी २०२४ मध्ये ते पहिल्या सभेला आले. त्यांना आठवड्याला ४९ पाउंड १८ पेन्स मिळायचे आणि बसचं जाऊन-येऊन ४ पाउंड. ते भाडं संस्थेने द्यायचं हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी तिकिटं चिकटवलेला कागद पुढे केला, मग वही उघडली, डिसेंबरच्या पानावर बोट ठेवलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "सिस्टर, बिस्किटांचे ३ पाउंड ४०. पावती कुठे आहे?"