आधी भांडी घासा

‘घरी बिअर बनवायला शिकायचंय, कोणते हॉप्स घेऊ?’ हे मला सारखं विचारलं जातं. (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं.) तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: आधी भांडी घासायला शिका.

चेष्टा नाही करत. बिअर आपण बनवतच नाही, यीस्ट बनवतं. आपण माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, गोड पाणी काढतो, त्याला वर्ट म्हणतात, आणि ते यीस्टच्या हवाली करतो. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध नियमात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं, यीस्टचा पत्ताच नव्हता. त्यांना माफ आहे, आपल्याला नाही. वर्ट थंड झालं की नळी, झाकण, चमचा, त्याला लागणारं सगळं आधी धुतलेलं आणि मग निर्जंतुक केलेलं हवं. ही दोन वेगळी कामं आहेत. चिकट भांड्यावर औषध ओतून काही होत नाही.

मग तापमान. भरडलेलं माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला तासभर पाण्यात ठेवलं की त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ६५च्या जवळ राहिलात तर बिअर हलकी, कोरडी होते. ६८कडे गेलात तर जरा भरीव. हे घडताना बघायचं असेल तर पांढऱ्या बशीत वर्टचा एक थेंब घ्या आणि त्यावर आयोडीनचा थेंब सोडा. सुरुवातीला निळाकाळा रंग येतो. स्टार्च संपला की आयोडीन आपलं तपकिरीच राहतं. (तो थेंब परत भांड्यात टाकायचा नाही.) मी तर गरज नसतानाही हा खेळ करतो.

पुढे वर्ट उकळणं. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी टाकलेले वास. पहिल्या वेळी एकच माल्ट, एकच हॉप्स घ्या, म्हणजे चव बिघडली तर शोधायला सोपं.

एल, म्हणजे जरा उबेत आंबणारी बिअर; त्या जातीचं यीस्ट बहुधा १८ ते २२ अंशांत खूश असतं. आंबताना ते स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे खोलीपेक्षा आतलं तापमान जास्त असतं. थिनरसारखा वास आला की लोक रेसिपीला नावं ठेवतात. बहुतेकदा दोष उकाड्याचा असतो.

बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नका. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे द्रवाची घनता मोजणारं साधन; साखर संपत जाते तसा त्याचा आकडा उतरतो. १.०५० वरून १.०१० वर आलं तर अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भरा, नाहीतर त्या फुटू शकतात. फेसासाठीची साखर लिटरमागे सहा-सात ग्रॅम, तीही काट्यावर तोलून. आणि तुमच्याकडचा कायदा घरी बिअर करू देतो का, हे सामान घेण्याआधीच बघा.

बाटल्या भरल्यावर दोन आठवडे थांबायचं. तुम्ही आठवड्यातच एक उघडणार, हे मला ठाऊक आहे. उघडा, पण बाकीच्यांना हात लावू नका.