गाडी गॅरेजला का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, मर्सिडीज घ्यायला पैसे होते, मग गॅरेजला द्यायला नाहीत का?" लग्नाच्या मांडवात, पेट्रोल पंपावर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, कित्येक वर्षं हा प्रश्न ऐकते आहे. पाठोपाठ दुसरा येतो, "हे बायकांचं काम आहे का?" त्या दुसऱ्याचं उत्तर मी देणार नाही. पहिल्याला दर वेळी "आवड आहे" म्हणून बाजूला सारलं, आणि ते पुरतं खरं नव्हतं. म्हणून आज एकदा नीट सांगते.

आधी पैशाचं. आमची ई-२२० ही १९९५ ची. पुण्यात, पिंपरीला टेल्कोच्या आवारात ज्या पहिल्या मर्सिडीज जुळवल्या गेल्या, त्यांतली. डब्ल्यू-१२४ म्हणतात त्या साच्याला. २०११ मध्ये आम्ही तिचे चौथे मालक झालो तेव्हा ती नव्या छोट्या गाडीपेक्षाही स्वस्त मिळाली. अशा गाड्यांचं दुखणं हेच असतं, गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पण पैसे वाचवायला मी पाना हातात घेतला असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझी वही बघावी. हत्यारं, मीटर, चुकून मागवलेले भाग, गरम इंजिनातून प्लग काढला म्हणून ॲल्युमिनियमच्या हेडमधले, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातले, गेलेले आटे आणि ते दुरुस्त करायला लेथवाल्याला दिलेले पैसे, सगळं तारखेनिशी लिहिलं आहे. वाचलेलं काही नाही.

सुरुवात २०१४ ला झाली. गाडी गरम झाली की सिग्नलला मिस मारायची, म्हणजे इंजिन अडखळायचं, आरपीएमची सुई खालीवर व्हायची आणि कधीकधी इंजिन बंदच पडायचं. थंड असताना काही तक्रार नाही. पहिल्या गॅरेजने पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्याने प्लग आणि दोन्ही कॉइल बदलल्या. तिसऱ्याने हवेचा सेन्सर बदलला, मग इंजिनचा कंट्रोल युनिट काढून "दुरुस्तीला" पाठवला आणि महिन्याने तसाच परत आणला. माणसं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पण तिघांपैकी एकानेही मीटर लावून बघितलं नाही. भाग बदलायचा, गाडी चालवून बघायची, नाही जमलं तर पुढचा भाग.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांनी रीडिंग न घेता उत्तर लिहिलं तर वही परत करणं हे माझं रोजचं काम. आणि माझ्याच गाडीचं उत्तर तीन वेळा रीडिंगशिवाय लिहिलं गेलं, तेही माझ्या पैशाने.

२०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा बॉनेट पूर्ण उघडलं. या गाडीचं बॉनेट सरळ काटकोनात उभं राहतं, खाली माणूस मोकळेपणाने उभा राहून काम करू शकतो. ज्यांनी ते तसं केलं, त्यांना ही गाडी उघडली जाणार आहे हे माहीत होतं, असं मला वाटलं. शीतद्रवाच्या तापमानाचा सेन्सर मोजला. असा सेन्सर थंड असताना दोन-अडीच हजार ओहम दाखवतो आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास येतो. सेन्सर ठीक होता. इंजेक्टर चारही ठीक. मग वायर हलवत मोजायला लागले आणि आकडा नाचायला लागला. हार्नेसवरची, म्हणजे इंजिनच्या वायरींच्या जुडग्यावरची, काळी नळी ब्लेडने चिरली. आतल्या वायरींचं आवरण बिस्किटाच्या चुऱ्यासारखं हातात आलं. तांबं उघडं पडलेलं, एका वायरला दुसरी लागत होती.

हे पुढे मला कळलं की या गाड्यांचं जुनं दुखणं आहे. नव्वदीच्या पहिल्या अर्ध्यात इंजिनच्या वायरींना जे आवरण वापरलं गेलं, ते उष्णतेने कडक पडतं आणि तडकून गळतं. बाहेरून हार्नेस धडधाकट दिसतो, आत काही उरलेलं नसतं. गरम झाल्यावरच मिस मारण्याचा त्याच्याशी संबंध होता. आणि उघड्या वायरी एकमेकींना लागत राहिल्या तर कंट्रोल युनिट जळू शकतो, तो मग कुठून आणायचा?

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगते. इथपर्यंत मी बरोबरही असते.

जानेवारी २०१७ च्या शेवटी मी तो हार्नेस काढला. तयार नवा मिळण्यासारखा नव्हता, म्हणून स्वतः बांधायचं ठरवलं. उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या वायरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवल्या. प्रत्येक वायरीचा रंग, जाडी, लांबी वहीत उतरवली. सोल्डर करायचं नाही, वायरीच्या टोकाला धातूचे लग दाबून बसवायचे, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने तिथेच तुटते. जुन्या कनेक्टरमधले लग हव्या त्या मापाचे मिळेनात. कुरिअरची वाट बघण्यात एक आठवडा गेला, मग दुसरा.

आम्ही मळ्यात राहतो, तासगाव रस्त्याला, मिरजेपासून तीसेक किलोमीटरवर. आई गेल्यापासून माझे वडील, आण्णा, आमच्याकडेच होते. नवऱ्याने एकदा जेवताना म्हटलं, "तात्पुरती टेप मारून चालू कर ना. आण्णा आहेत घरात." मी म्हटलं, "अर्धवट काम मी करणार नाही." हेच शब्द. मला ते आठवत नाहीत असं मी कितीदा स्वतःला सांगून बघितलं आहे.

१७ फेब्रुवारीची पहाट. चार वाजून दहा मिनिटांनी आण्णांच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तांब्या होता. ते पलंगाच्या कडेला बसले होते, उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून काहीतरी म्हणाले, त्यात शब्द नव्हता.

आम्ही १०८ ला फोन केला. शेजारच्यांचा पिकअप द्राक्षं घेऊन आदल्या रात्रीच मुंबईला गेला होता, हंगामच होता तो. घरात मोटरसायकल होती, आणि ज्याचं अर्धं अंग गेलं आहे त्याला मोटरसायकलवर बसवता येत नाही. ॲम्ब्युलन्स पाच वाजून पाच मिनिटांनी आली. कुणी हलगर्जी केली नाही, ती लांबूनच यायची होती. तोवर मी अंगणात उभी होते. समोर शेडमध्ये गाडी होती. बॉनेट उभं, आणि इंजिनवर एकही वायर नव्हती.

मिरजेला पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचं धडधाकट कधी बघितलं होतं?" मला माहीत होतं. दीड वाजता आण्णा उठले होते, न्हाणीघरात गेले, येताना मी विचारलं "पाणी हवंय का", ते "नको, झोप तू" म्हणाले. स्वच्छ. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि नेमकी वेळ माहीत नसेल तर शेवटचं धडधाकट पाहिल्यापासून मोजतात. दीड आणि साडेचार, म्हणजे सहा. मेंदूत रक्तस्राव नाही याची सीटी स्कॅनने खात्री केल्याशिवाय ते देताही येत नाही. सीटी झाला तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

गाडी चालू असती तर आम्ही चार वीसला निघालो असतो. पाचच्या सुमाराला पोचलो असतो.

हे गणित मी शेकडो वेळा केलं आहे. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन दिलं असतं तरी सगळ्यांनाच फरक पडत नाही, काहींना रक्तस्राव होतो. ते खरं आहे, मी नंतर वाचून खात्री केली. पण संधी मिळणं आणि न मिळणं यातलं अंतर ती आकडेवारी भरून काढत नाही.

मग मी स्वतःशी भांडते. म्हणते, गॅरेजला दिली असती तरी तीन आठवडे तिथे पडूनच राहिली असती, आधी राहिलीच होती की. हे कुणालाही पटावं. पण लगेच कळतं की गॅरेजला दिली तेव्हा आम्ही गावातल्या जीपवाल्याला सांगून ठेवलं होतं, "रात्री-अपरात्री लागलं तर येशील ना?" या वेळी सांगितलं नाही. स्वतःच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी उघडी पडलेली असली तरी घरात गाडी आहे असंच वाटत राहतं. माझ्या २०१६ च्या वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, "ते अंदाज करतात, मी मोजते." ते पान मी फाडलेलं नाही. मी प्रत्येक वायरीचा रोध मोजला होता. घरात ७४ वर्षांचा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस आहे आणि घराला गाडी नाही, हे मी कुठेही लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आण्णांनी पहिलं समजेल असं काहीतरी म्हटलं. मी पलंगाशी बसले होते. म्हणाले, "गाडी... चालू?" मी म्हटलं, "अजून नाही, आण्णा." त्यांनी डोळे मिटले. ते मला माफ करत होते, दोष देत होते की खरंच गाडीची चौकशी करत होते, हे मी कधी विचारलं नाही. २०२१ मध्ये ते गेले. मधल्या चार वर्षांत दुपारी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, डाव्या हाताने पक्कड पुढे करायचे. विचारायला चार वर्षं होती.

हार्नेस मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण केला, दवाखान्याच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात. पहिल्या चावीला इंजिन लागलं. सुई साडेसातशेवर आली आणि तिथेच राहिली. शेडमध्ये एकटी होते. मला आनंद झाला, आणि तो झाला हे मी आजवर भावालाही सांगितलेलं नाही. त्या हार्नेसने आजतागायत एकदाही दगा दिलेला नाही.

तर, गॅरेजला का देत नाही? सगळं मी करत नाही. व्हील अलाइनमेंट, लेथचं काम, एअरबॅगची कुठलीही वायर, याला मी हात लावत नाही. ब्रेक मी करते, पण त्यानंतर आठवडाभर मळ्यातल्या रस्त्यावरच चालवते, कुणालाही शेजारी न बसवता. बाकी मी करते, कारण त्या गाडीत काय बिघडलं होतं हे मला माझ्या हाताने कळलं आणि ज्यांना मी पैसे दिले त्यांना कळलं नाही. २०१७ नंतर तेच थांबवलं असतं तर त्या पहाटेची भरपाई झाली असती का? मला तसं वाटत नाही. माझं चुकतही असेल. धाकटा भाऊ पुण्याला असतो. तुम्ही विचारता ते तो कधीच विचारत नाही. तो फक्त विचारतो, "अक्का, अजून उघडतेस ती?"

२०१७ मध्येच आम्ही एक जुनी वॅगन आर घेतली. ती कायम अंगणात, तोंड रस्त्याकडे करून उभी असते, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. तिला मी पाना लावत नाही, ती गावातल्या गॅरेजात जाते. यात विसंगती आहे असं म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

या दिवाळीत मर्सिडीजचं हेड उतरवायचं आहे. मागच्या बाजूने तेल झिरपतंय, हेड गास्केट बदलावी लागेल. गास्केट आणि हेडचे नवे बोल्ट पुण्याच्या नाना पेठेतून आले आहेत. भावाचा परवा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "किती दिवस उघडी राहील?"

"बारा. फार तर पंधरा."

"वॅगन आरची बॅटरी आधी बदलून घे."

काल बदलून आणली.