ईलिंग ते ट्विकेनहॅम : लंडनच्या कडेकडेनं लाइव्ह म्युझिक

लंडनला जाऊन लाइव्ह म्युझिक ऐकायचं म्हटलं की सगळे सोहो नाहीतर कॅमडेनचं नाव घेतात. ते ठीकच आहे, पण माझी मावसबहीण राहते ईलिंगला, पश्चिमेकडे झोन ३ मधे (ट्यूब-ट्रेनच्या भाड्यासाठी लंडनचे असे झोन पाडलेत), आणि रोज रात्री सेंट्रल लंडनहून परत यायची दगदग करण्यापेक्षा इथंच आसपास काय मिळतं ते बघू असं ठरवलं. मग ईलिंग, हॅनवेल, रिचमंड, ट्विकेनहॅम आणि बार्न्स एवढ्याच पट्ट्यात सगळी सुट्टी घालवली आणि कान अगदी तृप्त झाले. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. मोठ्या तिकीट ॲपवर सबर्बचं नाव टाकून शोधलंत तर फार काही हाती लागत नाही, कारण इथलं म्युझिक तारखेवर नाही, वारावर चालतं. म्हणजे एखाद्या पबमधे सोमवारी जॅझचा जॅम (वाद्य घेऊन येईल त्याला ऐनवेळी सामील होता येतं), दुसरीकडे रविवारी संध्याकाळी फोक, तिसरीकडे गुरुवारी ओपन माइक (कुणीही उठून गावं), असे वार ठरलेले असतात. लोकल माणसांना ते तोंडपाठ असतात त्यामुळे जाहिरात करायची फारशी गरजच कुणाला वाटत नाही. म्हणून इव्हेंट शोधू नका, वार शोधा. त्यासाठी पबच्या स्वतःच्या वेबसाइटवर 'व्हॉट्स ऑन'चं पान बघा, त्याहून चांगलं म्हणजे दुपारी पबच्या दारासमोरून एक चक्कर मारा, बाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूनं सगळं लिहिलेलं असतं. आणि एका ठिकाणी ऐकायला बसलात की शेजारच्याला विचारा, उद्या कुठे जाऊ? मला सगळ्यात चांगले पत्ते असेच मिळाले.

ईलिंगपासून सुरुवात करायला एक कारण आहे. ईलिंग ब्रॉडवे स्टेशनच्या समोर एका बोळातून पायऱ्या खाली उतरतात, तिथं तळघरात १७ मार्च १९६२ ला ॲलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस या दोन ब्लूज वादकांनी ईलिंग क्लब सुरू केला. ब्रिटनमधल्या इलेक्ट्रिक ब्लूजचं (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेलं संगीत) हे जन्मस्थान मानतात. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांना ब्रायन जोन्स पहिल्यांदा भेटला तो इथंच, त्याच वर्षी, आणि तेव्हा कॉर्नरच्या बँडमधे ड्रम्सवर होता चार्ली वॉट्स. हे चौघं म्हणजे पुढचे रोलिंग स्टोन्स. जागा इतकी कोंदट की छतावरून पाणी ठिबकायचं आणि स्टेजवर ताडपत्री बांधावी लागायची. आता तिथं निळी पाटी आहे, ती आवर्जून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

तिथून एलिझाबेथ लाइननं हॅनवेल, गाडी वेस्ट ईलिंग घेऊन लगेच पोचते. इथं अक्सब्रिज रोडवर ७६ नंबरला जिम मार्शलचं दुकान होतं, १९६० ला उघडलेलं. जिम मुळात ड्रम्स शिकवायचा, पण दुकानात येणारी गिटारवाली पोरं (द हू बँडचा पीट टाउनशेंड त्यातलाच, तोही याच भागातला) सारखी मागं लागली की आम्हाला आणखी मोठा आवाज देणारा ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) पाहिजे, आणि त्यातून मार्शल ॲम्प तयार झाला. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक रॉक स्टेजवर दिसणारा तो काळा डबा या साध्या रस्त्यावरून बाहेर पडला हे त्या फुटपाथवर उभं राहून आठवलं की खरंच अंगावर काटा येतो. त्याच्या आठवणीत २०१३ पासून हॅनवेल हूटी नावाचा फेस्टिवल होतो, एकाच दिवशी गावातल्या पबमधे बँड्स, आणि फुकट. वसंतात असतो, तुमची सुट्टी त्या सुमारास येत असेल तर तारीख बघूनच विमानाचं तिकीट काढा असं मी म्हणेन.

ईलिंगहून रिचमंडला जायला ट्रेनच्या भानगडीत पडू नका, ६५ नंबरची बस धरा. ब्रेंटफर्ड, क्यू करत रिचमंडला नेते आणि पुढं किंगस्टनला जाते, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर तीच एक सहल. लंडनच्या बसला एका भाड्यात तासभर कितीही बस बदलता येतात, फक्त प्रत्येक वेळी तेच कार्ड टॅप करा, एकदा फोन एकदा कार्ड असं केलंत तर दोन वेगळे प्रवासी धरले जातात.

रिचमंडमधे स्टेशनसमोरच्या स्टेशन हॉटेलात १९६३ मधे क्रॉडॅडी क्लब चालायचा, रोलिंग स्टोन्स दर रविवारी तिथं वाजवायचे. आता बघायला तसं काही उरलेलं नाही, म्हणून फार वेळ घालवू नका, सरळ नदीकाठच्या रस्त्यानं ट्विकेनहॅमकडे चालत सुटा, तासाभराची चाल आहे आणि हवा चांगली असेल तर हा टप्पा चुकवूच नये.

ट्विकेनहॅमला थेम्सच्या मधोमध ईल पाय आयलंड आहे. १९५६ पासून तिथल्या हॉटेलात जॅझ सुरू झालं, मग ब्लूज, मग रॉक. १९५७ ला पादचारी पूल झाला, त्याआधी लोक होडीनं जायचे. हॉटेल १९७१ मधे जळालं. आता बेटावर घरं, होड्यांच्या कार्यशाळा आणि कलाकारांचे स्टुडिओ आहेत, पूल ओलांडून जाता येतं पण स्टुडिओ ठरावीक वीकेंडलाच उघडे असतात, तेव्हा लोकांच्या घरात डोकावू नका प्लीज. गावात २०१८ पासून छोटंसं ईल पाय आयलंड म्युझियम आहे, त्याचे उघडे वार मोजके असतात, निघायच्या आधी बघून घ्या.

ट्विकेनहॅमला जायच्या आधी रग्बीचं वेळापत्रक बघणं मात्र मस्ट आहे. स्टेडियम ८२,००० लोकांचं, आणि मॅच सुटली की ते सगळे त्या एका स्टेशनवर येतात, पबमधे पाय ठेवायला जागा नसते. स्टेशनजवळच्या कॅबेज पॅच पबचं नावही या स्टेडियमवरूनच, १९०७ मधे रग्बी युनियननं जागा घेतली तेव्हा तिथं भाजीचा मळा होता, म्हणून लोक मैदानाला कोबीचा वाफा म्हणायचे. या पबमधे ब्लूज आणि फोकच्या क्लबांची जुनी परंपरा आहे, तिथला फळा जरूर बघा.

पण माझं सगळ्यात आवडतं ठिकाण बार्न्स. वॉटर्लूहून ट्रेननं बार्न्स ब्रिजला उतरायचं, नदीकाठी समोरच बुल्स हेड पब. १९५९ पासून इथं जॅझ चालू आहे! पुढं नेहमीचा पब, गप्पा, गोंगाट, आणि मागं म्युझिकसाठी वेगळी खोली, दार लागलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी गेले त्या रात्री क्वार्टेट, म्हणजे चौघांचा बँड होता. एका संथ बॅलडमधे पियानो थांबला, सॅक्सवाला बाजूला सरकून भिंतीला टेकला, आणि डबल बासचा सोलो सुरू झाला. ड्रमर काठ्यांऐवजी ब्रश घेऊन स्नेअर ड्रमवर नुसते गोल गोल फिरवत होता, बासवाल्याचं बोट तारेवरून घसरल्याचा आवाजसुद्धा स्पष्ट येत होता, मधे माइक-स्पीकर असं काही जाणवतच नव्हतं. मोठ्या हॉलमधे हे कितीही पैसे दिले तरी ऐकू येत नाही, कारण तिथं तुमच्यापर्यंत येतो तो साउंडवाल्यानं मिक्स केलेला आवाज. सोलो संपल्यावर टाळ्या वाजवायच्या, गाणं संपायची वाट बघायची नाही. आपल्याकडे समेवर दाद जाते तसंच, एकदा कळलं की आपोआप जमतं.

या खोलीत बसायचं असेल तर तिकीट आधी काढा आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, पुढच्या खुर्च्या लवकर भरतात. ड्रिंक बारवर जाऊन घ्यायचं असतं, ते सेटच्या आधी नाहीतर इंटरवलमधे घ्या, सोलो चालू असताना उठलेलं लोकांना आवडत नाही आणि बरोबरच आहे. फुकटच्या जॅमला तिकीट नसतं पण मधे एखादं भांडं किंवा बादली फिरते, त्यात टाकायला थोडी कॅश ठेवा, ते पैसे वाजवणाऱ्यांचे असतात. तुम्ही स्वतः वाजवत असाल तर पोचल्या पोचल्या जॅम चालवणाऱ्याला नाव आणि वाद्य सांगा, आणि तुम्हाला येणारी गाणी कुठल्या पट्टीत वाजवणार ते ठरवून जा. तबला घेऊन आलेल्या एका मुलाला ब्लूजवर वाजवताना ऐकलं, लोकांनी त्याला खाली उतरूच दिलं नाही. मुलं बरोबर असतील तर आधी फोन करा, संध्याकाळनंतर लहानांना आत घ्यायचं की नाही हे पबवर असतं.

परतीचं आता. बहुतेक पबमधलं म्युझिक रात्री ११ ला थांबतं. याला कायद्याचं कारण आहे, इंग्लंडमधे २०१२ च्या लाइव्ह म्युझिक ॲक्टमुळे दारूचं लायसन्स असलेल्या छोट्या जागांना सकाळी ८ ते रात्री ११ म्युझिकची वेगळी परवानगी लागत नाही. आधी ही सवलत २०० प्रेक्षकांपर्यंत होती, २०१५ मधे ५०० केली. म्हणजे शेवटची ट्रेन आरामात मिळते, आणि हा कायदा नसता तर यातल्या कितीतरी खोल्यांमधे आज नुसता टीव्ही लागलेला असता.

शुक्रवार-शनिवार उशीर होणार असेल तर ईलिंगच निवडा, कारण सेंट्रल लाइनची नाइट ट्यूब (त्या दोन रात्री रात्रभर चालणारी मेट्रो) ईलिंग ब्रॉडवेपर्यंत येते. रिचमंडच्या डिस्ट्रिक्ट लाइनला नाइट ट्यूब नाही. हॅमरस्मिथहून बार्न्सला टॅक्सी करायचा विचार असेल तर तो सोडा, हॅमरस्मिथ ब्रिज २०१९ पासून गाड्यांना बंद आहे, मोठा वळसा पडतो, त्यापेक्षा पूल चालत ओलांडा. ट्विकेनहॅम किंवा रिचमंडला ट्रेन चुकलीच तर एन २२ ही रात्रीची बस पटनीवरून ऑक्सफर्ड सर्कसपर्यंत जाते, तिचा स्टॉप उजेडातच बघून ठेवा, म्हणजे मध्यरात्री रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते शोधत बसावं लागत नाही.