चिरेखाणीतली तिसरी पायरी

आमच्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, एक बंद पडलेली चिरेखाण आहे. चिरे काढून काढून तिथे पायऱ्या पडल्यात. पहिली बुटकी, दुसरी तिरकी आणि तिसरी सरळ उभी, पट्टीने मोजली तर १३ सेंटीमीटर. माझ्या रिमोटवरच्या क्रॉलरचा टायर १२ सेंटीमीटरचा. पहिल्या दोन पायऱ्या गाडी चढायची आणि तिसरीवर जाऊन पाठीवर पडायची. दिवाळीनंतर गाडी तयार झाली तेव्हापासून आंबा उतरवायला सुरुवात होईपर्यंत, जवळजवळ प्रत्येक रविवारी हेच चाललं होतं. ती पायरी शेवटी कशी चढली ते सगळं लिहून ठेवतोय. आपल्याकडे ह्या छंदातली माणसं विखुरलेली आहेत आणि सस्पेन्शनबद्दल मराठीत विचारायला मला कोणी सापडलं नाही.

क्रॉलर म्हणजे पळणारी गाडी नव्हे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, दगडांवरून चढत-उतरत जाणारी. पुढे-मागे अखंड एक्सल, आणि एकेक एक्सल चॅसिसला सहसा चार दांड्यांनी, म्हणजे लिंकांनी धरलेला. खालच्या दोन, वरच्या दोन. शॉक आणि स्प्रिंग फक्त वजन पेलतात आणि हालचाल मंद करतात. एक्सलने वर-खाली होताना कुठल्या वाटेने जायचं हे ठरवतात त्या लिंक. हे वाक्य मी आज सहज लिहितोय, पण ते कळायला मला सहा महिने लागले.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याजवळ आमचं लेथचं दुकान आहे. मच्छीमार बोटींचे शाफ्ट, बुश, कपलिंग अशी कामं. त्यामुळे चॅसिसच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मी ३ मिलीमीटर अ‍ॅल्युमिनियममधून स्वतःच कापल्या, लिंक ६ मिलीमीटर स्टेनलेस सळीच्या केल्या आणि टोकांना आतून एम३ चे आटे पाडले. एक्सल, गिअरबॉक्स आणि शॉक विकत आणले. वरच्या लिंकांसाठी चॅसिसवर एकाखाली एक तीन भोकं पाडली, सहा-सहा मिलीमीटर अंतराने, आणि लिंक सगळ्यात खालच्या भोकात लावली. तिथे लावली कारण बॅटरीचा ट्रे मध्ये येत नव्हता. एवढंच कारण.

गाडी उलटायला लागल्यावर पहिला संशय गेला स्प्रिंगवर. शॉकची चाल २८ मिलीमीटर होती आणि सपाट जमिनीवर ठेवल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम ५ मिलीमीटर बसायची. हे कमीच होतं. क्रॉलर निदान एक तृतीयांश बसलेली हवी, म्हणजे चाक खड्ड्यात गेलं तर शॉक उघडून ते खाली पोचतं आणि जमीन सोडत नाही. मऊ स्प्रिंग मागवल्या, बसणं १० मिलीमीटरवर आलं. चाकं दगडांना छान चिकटून राहायला लागली. पण गाडी उलटायची ती उलटायचीच. मग आणखी मऊ स्प्रिंग आणल्या. आता आडव्या उतारावर बॉडी इतकी कलंडायची की पाखाडीच्या कडेने साधं चालवणंही अवघड झालं. त्या स्प्रिंग काढून पुन्हा आधीच्या लावल्या.

मधल्या काळात एकदा ओहोटीच्या वेळी समुद्रावरच्या काळ्या कातळावर गाडी नेली. जागा बदलून बघावी एवढाच हेतू. जांभा सुका असला की टायरला धरून ठेवतो, त्याच्या भोकाभोकांत रबर रुतून बसतं. समुद्राकाठचा काळा दगड अगदी उलट. पाण्याच्या रेघेखाली तो शेवाळलेला, आणि वर कालवं चिकटलेली. कालवांच्या कडांनी एका टायरची बाजू चिरली. घरी येऊन गोड्या पाण्याने गाडी धुतली, पण पुढचा एक्सल उघडायचा कंटाळा केला आणि तिसऱ्या दिवशी आतली दोन्ही बेअरिंग खरखरायला लागली. शॉकच्या दांडीवर मीठ सुकून त्याचे कण झाले आणि त्यांनी ओ-रिंग कापली, तेल गळायला लागलं. खाऱ्या पाण्यात गाडी गेली असेल तर त्याच दिवशी एक्सल उघडून, पुसून, नवीन ग्रीस भरायचं. दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

दुसरा संशय वजनावर, आणि तो बऱ्याच अंशी खरा निघाला. दुकानातल्या काट्यावर पुढची चाकं ठेवली आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पाटावर, मग उलट. एकूण २,७५० ग्रॅम. पुढे १,४००, मागे १,३५०. चढावर वजन आपोआप मागे सरकतं, त्यामुळे सपाटीवर ते पुढे जास्त असायला हवं. बॅटरी मागून काढून पुढे, सर्व्होच्या (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) मागे आणली. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या आप्पांनी शाफ्टच्या जुन्या पितळी बुशमधून दोन कड्या कातून दिल्या, प्रत्येकी १२५ ग्रॅमच्या, त्या पुढच्या रिमांच्या आत बसवल्या. चाकातलं वजन स्प्रिंगवर येत नाही आणि जमिनीलगत राहतं, म्हणून ते तिथेच घालायचं. बॉडीत घातलं तर उंचीही वाढते. आता ३,००० पैकी पुढे १,७६० ग्रॅम. गाडी बदलली, हे पहिल्याच दिवशी जाणवलं. दुसरी तिरकी पायरी ती न थांबता चढली. तिसरीवर मात्र पुढची चाकं वर पोचायची, मागची पायरीला लागायची, गाडी तीन वेळा हिसके द्यायची आणि पाठीवर.

मार्चमधल्या एका रविवारी आप्पा माझ्याबरोबर सड्यावर आले. गाडी बघायला नव्हे, काजू बघायला आले होते. मी फोन दगडाला टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रण करत होतो. गाडी पडली, मी उचलली, पुन्हा लावली. आप्पा मागे उभे होते.

"अरे, ती मागनं उचलतेय. चढायच्या आधीच उभी राहतेय बघ."

"आप्पा, पुढची चाकं वर आहेत, म्हणून तसं वाटतं."

"मागची बॉडी आणि चाक यातलं अंतर बघ. सपाटीवर किती असतं आणि आता किती."

फोनवर बघितलं. खरंच होतं. मागची चाकं पायरीला लागली आणि मी रेस दिली की मागचे शॉक दाबले न जाता पूर्ण उघडत होते. एक्सल चॅसिसच्या खाली पुढे ओढला जात होता आणि गाडी जणू टाचा उचलून उभी राहत होती. मग टायर सुटायचा, बॉडी धप्पकन खाली यायची, टायर पुन्हा धरायचा, बॉडी पुन्हा वर. तेच ते हिसके. इतके महिने मी पुढच्या चाकांकडे बघत होतो.

संध्याकाळी दुकानात आप्पांनी फरशीवर खडूने गाडीची बाजू काढायला लावली, पूर्ण मापात. जमिनीची रेघ, दोन चाकं, मागची खालची लिंक आणि वरची लिंक. "आता ह्या दोन दांड्या सूत धरून पुढे वाढव. जिथे भेटतात तिथे खिळा मारल्यासारखा तुझा एक्सल फिरतो. बोटीचं असो की ह्याचं, दांड्यांचं असंच असतं."

सूत धरलं. खालची लिंक एक्सलजवळ जमिनीपासून ५० मिलीमीटर आणि चॅसिसजवळ ७८. वरची एक्सलजवळ ८४, चॅसिसजवळ ९०. दोन्ही रेघा एक्सलपासून २१ सेंटीमीटर पुढे, गाडीच्या पोटातच भेटल्या.

पुढचा भाग मी वाचून शिकलो. मागचा टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून ह्या भेटीच्या बिंदूतून एक रेघ काढायची आणि पुढच्या एक्सलपर्यंत न्यायची. तिथे तिची उंची किती येते ते बघायचं आणि गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीशी ताडायचं. दोन्ही सारखी असतील तर अँटी-स्क्वॉट शंभर टक्के: रेस दिल्यावर मागची बाजू बसतही नाही, उठतही नाही. रेघ वर गेली तर मागची बाजू उठते, खाली राहिली तर बसते.

गुरुत्वमध्य काढायला शॉक काढून त्यांच्या जागी तेवढ्याच लांबीच्या पट्ट्या लावल्या, नाहीतर गाडी टांगल्यावर चाकं लोंबतात आणि माप चुकतं. मग माळ्याच्या वाशाला सुतळीने गाडी आधी पुढून टांगली, नंतर मागून, आणि दोन्ही वेळा शेजारी ओळंबा सोडून बॉडीवर रेघ मारली. रेघा जिथे छेदल्या तिथली उंची ९५ मिलीमीटर. फरशीवरची खडूची रेघ पुढच्या एक्सलपाशी १४१ वर गेली होती. म्हणजे जवळपास दीडपट.

उपाय फुकटचा होता. वरची लिंक सगळ्यात वरच्या भोकात लावली, म्हणजे चॅसिसकडचं टोक १२ मिलीमीटर वर गेलं. लिंक आता जवळजवळ समांतर झाल्या, त्यांच्या रेघा ६६ सेंटीमीटरवर, गाडीच्याही पुढे जाऊन भेटल्या, आणि पुढच्या एक्सलपाशी उंची आली ९१. बॅटरीचा ट्रे आता पुढे गेलेलाच होता, त्यामुळे अडचण कसलीच नव्हती. मात्र टोक वर नेलं की लिंक थोडी लांब लागते, नाहीतर एक्सल पुढे कलतो आणि पिनियनचा (शाफ्टकडून जोर घेणाऱ्या लहान गिअरचा) कोन बिघडून शाफ्ट घासायला लागतो. मला १.३ मिलीमीटर हवे होते. एम३ चा आटा एका फेऱ्याला अर्धा मिलीमीटर सरकतो, म्हणून रॉड एंड, म्हणजे लिंकच्या टोकाचे सांधे, अडीच फेरे बाहेर काढले. दोन्ही बाजूंचे फेरे मोजून सारखे ठेवायचे, नाहीतर एक्सल तिरका बसतो.

पुढच्या रविवारी हिसके थांबलेले होते. गाडी पायरीवर टेकली आणि मागून शांत राहिली. पण आता दुसरी खोड उघडी पडली: जोर आला की पुढचं डावं चाक हवेत जायचं. मोटर ज्या दिशेने शाफ्ट फिरवते त्याच्या उलट चॅसिस पिळली जाते, आणि माझी गाडी उजवीकडे झुकायची. हे आधीही होत असणार, उलटण्याच्या गोंधळात दिसलं नव्हतं. ज्यांच्या गाड्यांना पोर्टल एक्सल आहेत त्यांना हा त्रास कमी होतो, कारण तिथे शेवटची गिअर चाकापाशीच असते आणि मधल्या शाफ्टवर तेवढा पीळ येत नाही. ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ ह्या रिमोटवरच्या गाडीत हे आहे, मोठ्या गाड्यांत युनिमॉगमध्ये आहे. माझ्याकडे साधे एक्सल. म्हणून मागच्या उजव्या शॉकची कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारी कडी, २ मिलीमीटर आवळली. सपाटीवर गाडी किंचित डावीकडे झुकलेली दिसते, पण जोर आला की सरळ होते. ह्याने पीळ जात नाही, त्याचा तोल सांभाळला जातो. मला तेवढं पुरलं.

तेलाचं थोडक्यात. आधी खूप घट्ट तेल भरलं होतं, गाडी दगडावरून उतरताना चाक खाली यायला वेळ लावायचं. ३० वेटचं (आकडा कमी तितकं तेल पातळ) सिलिकॉन तेल भरल्यावर ते ठीक झालं. भरताना दांडी हळूहळू वर-खाली करून बुडबुडे बाहेर काढायचे आणि शॉक रात्रभर उभा ठेवून सकाळी टोपण लावायचं. घाईत लावलेल्या चारपैकी दोन शॉकमध्ये हवा राहिली होती आणि गाडीचे चारही कोपरे वेगळे वागत होते.

सुकाणूचंही एक. माझा सर्व्हो चॅसिसवर आहे, त्यामुळे पुढे वरच्या दोन लिंकांऐवजी एकच, आणि एक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड. हा रॉड आणि सर्व्होची चाकं वळवणारी ओढदांडी समांतर आणि शक्य तितक्या सारख्या लांबीच्या हव्यात. नसल्या तर शॉक दाबला की चाकं आपोआप वळतात. माझी ओढदांडी एका टोकाला ५ मिलीमीटर वर होती. सर्व्होच्या हातावर वायसर घालून खाली घेतली.

हे सगळं एका वेळी एकच बदल करून, वहीत लिहून केलं. तारीख, काय बदललं, पायरीवर काय झालं. शिमग्याच्या आधीची पानं बघितली तर एकाच दिवशी स्प्रिंग, तेल आणि टायरचा फोम बदलल्याची नोंद आहे आणि समोर फक्त "फरक नाही". त्या पानातून आज काहीच काढता येत नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला, दगड तापायच्या आत, तिसरी पायरी चढली. डाव्या अंगाला जिथे कड गोल झालीय तिथून पुढची चाकं लावली, ती वर गेली, मागची टेकली. क्षणभर काही झालं नाही. मग डावा टायर जांभ्याच्या भोकात रुतला, मागचे शॉक जरासे बसले आणि गाडी एकसारख्या गतीने वर सरकली. एकही हिसका नाही. मी ती परत खाली उतरवली आणि आणखी चार वेळा चढवली. चारातल्या तीन वेळा गेली. एकदा मी उजवीकडून घेतली तेव्हा घसरली, पण पाठीवर पडली नाही, चाकांवरच खाली आली.

एक सांगायचं राहिलं. आपल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण कितीतरी ठिकाणी गवताखाली अजून नोंद न झालेली रेघ असू शकते. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सपाट कातळावर गाडी न्यायच्या आधी मी तो चालत बघून घेतो, आणि कोरलेलं काही दिसलं तर गाडी बॅगेतून बाहेर काढत नाही. खाण ह्यासाठीच बरी, तिथलं सगळं माणसाने आत्ता-आत्ता कापलेलं आहे.

जूनपासून खाणीत पाणी भरतं आणि पायऱ्यांवर शेवाळ येतं, तिसरी पायरी तर दिवाळीपर्यंत पाण्याखालीच. आता पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला गोटे आहेत तिथे चालवतोय. गोटे पायाखाली हलतात, त्यामुळे मागची कॉलर पुन्हा १ मिलीमीटर सैल केली आहे आणि पुढचं तेल २५ वेटचं करून बघतोय. आप्पांनी पुढच्या लिंकांची खडूची रेघ काढून ठेवली आहे, ती अजून मी मोजलेली नाही.