रस्त्याला वाफसा

गेल्या सोमवारी आमच्या ट्रक कंपनीच्या डिस्पॅचचा निरोप आला. कॅनडात, मॅनिटोबा प्रांतातल्या रोझनफेल्डजवळच्या एका शेतावरून ओट्स भरून आणायचे, पण गाडी पूर्ण भरायची नाही. शेतापर्यंतच्या रस्त्याला स्प्रिंगची, म्हणजे बर्फ वितळायच्या दिवसांतली वजनमर्यादा लागलीय, एक्सलवर नेहमीच्या ६५ टक्केच भार चालेल. म्हणजे एका खेपेच्या कामाला दोन खेपा. यार्डातली नवीन पोरं वैतागली. मला मात्र दरवर्षी हा निरोप आला की आबांचा एक शब्द आठवतो. वाफसा.

आम्ही परभणी जिल्ह्यातले, मानवतजवळचे. रान खोल काळं. पाऊस उघडला की आबा रोज सकाळी बांधावर जायचे, मूठभर माती उचलून दाबायचे आणि बघायचे. चिकट गोळा झाला की परत घरी. "आज न्हाई. वाफसा येऊ दे." म्हणजे औत चालेल इतपतच ओल राहू दे. ओल्या काळ्यात औत घातलं की ढेकळं निघतात, वाळून त्यांचे दगड होतात आणि तो हंगाम हातचा जातो. शेजारचे पेरून मोकळे व्हायचे, तरी आबा थांबायचे.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, ८ वर्षं मराठवाड्यात रस्त्यांच्या साइटवर सुपरवायझर होतो, आणि आता ११ वर्षं विनिपेगहून दक्षिणेला ट्रक चालवतो. रस्ता बांधणं आणि रस्त्यावर चालणं, दोन्ही केलं. म्हणून हे लिहितोय.

माझा रोजचा रस्ता ७५ नंबर. विनिपेगमधून निघतो, रेड नदीच्या सोबतीने सरळ दक्षिणेला जातो आणि शंभरेक किलोमीटरवर एमर्सनला अमेरिकेच्या हद्दीला टेकतो. पलीकडे नॉर्थ डकोटातलं पेंबिना, आणि तिथून हाच रस्ता आय-२९ होऊन ग्रँड फोर्क्स, फार्गोकडे जातो. चार पदरी आहे, काही ठिकाणी काँक्रीट, काही ठिकाणी डांबर. जुन्या काँक्रीटच्या सांध्यांवरून ट्रेलर जाताना ठक्-ठक्, ठक्-ठक् असा ठेका लागतो. कुठला सांधा या हिवाळ्यात उचलला गेलाय, ते मला स्टिअरिंगवरच्या हाताला आधी कळतं, डोळ्यांना नंतर.

पहिल्या वर्षी याच रस्त्यावरच्या मॉरिस गावच्या पंपावर डिझेल भरायला थांबलो होतो. पंपामागे शेत नुकतंच नांगरलेलं. ती माती बघून मी चालत गेलो आणि मूठभर उचलली. काळी, जड, बोटांना चिकटणारी. फोटो काढून घरी पाठवला. आबा म्हणाले, "अरे, ही तर आपलीच."

खरंच आपलीच आहे. इथले लोक तिला गंबो म्हणतात. हिमयुग सरताना इथे अगासिझ नावाचं अफाट सरोवर होतं, त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ. आपली काळी दख्खनच्या बसाल्टातून आलेली. जन्म वेगळे, गुण एकच: दोन्हीत माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज भरपूर, पाणी प्यायलं की फुगते, वाळली की भेगाळते. परभणीत उन्हाळ्यात भेगेत हात जायचा, इथेही कोरड्या ऑगस्टमध्ये तेच. अशा जमिनीवर रस्ता बांधायचा म्हणजे श्वास घेणाऱ्या छातीवर फरशी बसवण्यासारखं आहे.

इथे त्यात थंडीची भर. हिवाळ्यात जमीन दोन मीटरच्या आसपास गोठते. गोठताना ती खालून पाणी ओढून घेते आणि भरावात बर्फाच्या चकत्या तयार होतात, त्यांनी रस्ता उचलला जातो. एवढ्याने फार बिघडत नाही. जानेवारीत हा रस्ता दगडासारखा असतो, तेव्हा वजनाला उलट जास्तीची सूट मिळते. बिघडतं ते मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये. वरचा फूट-दीड फूट वितळतो, खालचा थर अजून गोठलेला, त्यामुळे पाण्याला खाली जायला वाट नाही. खडीचा पाया त्या पाण्यात तरंगत असतो. वरून बघाल तर डांबर कोरडं, ऊन पडलेलं, आणि आत चिखल. तेव्हा त्यावरून भरलेला ट्रक नेणं म्हणजे वाफसा नसताना औत घालणं.

मॅनिटोबात ७५ सारख्या मुख्य रस्त्यांवर पूर्ण वजन चालतं, पण गावांकडचे, शेतांकडचे कितीतरी रस्ते या दिवसांत मर्यादेखाली येतात. काहींवर ९० टक्के, काहींवर ६५. यार्डातल्या पोरांना मी दरवर्षी एक हिशेब सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक मोठी चाचणी झाली. मुद्दाम रस्ते बांधले आणि सैनिकांकरवी त्यांवर अहोरात्र ट्रक फिरवले. त्यातून निघालं की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन २० टक्के जास्त घातलं तर नुकसान दुप्पट. आणि ६५ टक्क्यांवर आणलं तर ते पाचव्या हिश्श्याहूनही कमी. दोन खेपा केल्या तरी रस्ता फायद्यातच. हे गणित एकदा कळलं की दुसऱ्या खेपेचा राग येत नाही.

मला ते फार उशिरा कळलं, याची खंत आहे. गावाकडे एका साइटवर काळ्या मातीवर मुरमाचा थर जेवढा टाकायचा ठरला होता, त्याच्या निम्माच पडला. मी तिथे उभा होतो. वरून रोलर छान फिरला, डांबर चकचकीत झालं, सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या पावसाळ्यात साइडपट्ट्या खचल्या आणि रस्ता मधोमध उभा चिरला. ऊस घेऊन निघालेला एक ट्रॅक्टर तिथे उलटला. माणूस वाचला, पण त्याचा पाय गेला. तेव्हापासून नव्या रस्त्याचं वरचं तोंड बघून मी कधी खूश झालो नाही. मी चर बघतो, मोऱ्या बघतो, साइडपट्टीचा उतार बघतो.

पश्चिमेला शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात गेलं की हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. युद्धानंतरच्या काळात तिथे हजारो किलोमीटर रस्ते केवळ धूळ उडू नये एवढ्यासाठी डांबराने झाकले: मातीचा भराव आणि वर पातळ थर, खाली खडीचा पाया नाहीच. तेव्हा चालून गेलं, कारण रेल्वेच्या फाट्यावर गावागणिक धान्याची एलेव्हेटर, म्हणजे उंच कोठारं होती, शेतकरी छोट्या गाडीतून माल तिथवर न्यायचा. १९९५ मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्याला मिळणारी केंद्राची मदत बंद झाली. फाटे उखडले गेले, छोटी एलेव्हेटर पाडली, आणि धान्य मोठ्या ट्रकमधून लांबच्या एलेव्हेटरकडे त्याच पापुद्र्यावरून जाऊ लागलं. काही ठिकाणी डांबर सांभाळणं जमेना, तेव्हा रस्ता परत खडीचा केला. परभणीच्या किराणा दुकानातली मसूर कित्येकदा सस्कॅचवानची असते. तिचा पहिला प्रवास अशाच एखाद्या रस्त्यावरून झालेला असतो.

एस्टेव्हनकडून नॉर्थ पोर्टलच्या सीमेवर जाणारा ३९ नंबर त्यामानाने चांगल्या बांधणीचा. पण बाकन या तिथल्या तेलक्षेत्राच्या तेजीत त्यावर टँकर, पाइप आणि रिगचे सुटे भाग वाहणारे ट्रक एवढे वाढले की दोन पदरांत समोरून येणाऱ्याच्या दिव्यांकडे बघत छातीवर दडपण यायचं. आता रेजिनापासून एस्टेव्हनपर्यंत जागोजागी ओलांडण्यासाठी जादा पदर दिलेत. तिथली माणसं पूर्ण चौपदरी मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तरी या जादा पदरांनी जीव वाचवले असणार, असं मला रोज त्यातून चाललेला माणूस म्हणून वाटतं.

पण माझं मन अडकलंय ते ७५ वर, मॉरिसपाशी.

रेड नदी उत्तरेला वाहते, सगळा घोळ तिथे आहे. बर्फ आधी दक्षिणेला, डकोटात वितळतो, आणि ते पाणी उत्तरेला येतं तेव्हा इथली नदी अजून गोठलेली असते. उतार म्हणाल तर किलोमीटरमागे काही सेंटिमीटर. पाणी पुढे जाईना की ते आडवं पसरतं. १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्स शहर बुडालं, २९ एप्रिलला इकडे सेंट अगाथ बुडालं, मॅनिटोबात सुमारे २८ हजार माणसं घरं सोडून निघाली. त्या पाण्याला लोक आजही रेड सी म्हणतात. विनिपेग वाचलं, कारण १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या कालव्याने बरंचसं पाणी शहराला वळसा घालून नेलं. रोझनफेल्डचा तो ओट्सवाला म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "तुम्ही जिथून ट्रक चालवत आलात ना, तिथून मी बोट चालवत गेलोय. पाट्यांची डोकी तेवढी वर होती."

मॉरिस गावाभोवती मातीचा गोल बंधारा आहे. ७५ नंबर गावातूनच जातो, म्हणून बंधाऱ्यात रस्त्यापुरती खिंड ठेवलीय. पाणी चढलं की ती चिकणमातीने बुजवतात. गाव कोरडं राहतं, रस्ता बंद होतो. गावाच्या उत्तरेला मॉरिस नदीवरचा पूल आणि त्याच्या आजूबाजूचा सखल पट्टा आधी पाण्याखाली जातो. १९९७, २००९, २०११, २०२२, दर वेळी हेच.

२०२२ मी स्वतः पाहिलं. एप्रिलच्या मध्यावर मोठं हिमवादळ झालं, मागोमाग पाऊस, आणि मेच्या सुरुवातीला रस्ता बंद. मी १४ नंबरने विंकलरकडे आणि तिथून ३ नंबरने कारमनवरून विनिपेग गाठायचो. तासाभराहून जास्त उशीर व्हायचा, पण उशिराचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते त्या रस्त्यांचं. दोन पदरी, अरुंद साइडपट्टी, आणि वर्षातल्या सगळ्यात नाजूक दिवसांत त्यांच्या अंगावर ७५ ची सगळी वाहतूक. एका शाळेच्या बसमागे आम्ही १४ ट्रक रांगेने चाललो होतो, मी मोजले. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर यायला धजत नव्हते, आणि तेच त्यांचे पेरणीचे दिवस.

म्हणून मॉरिसपाशी ७५ उंच व्हायलाच हवा. पण तो नुसता उचलून चालणार नाही, हे मी साइटवर राहिलेला माणूस म्हणून सांगतो. इतक्या सपाट खोऱ्यात उंच भराव टाकला की त्याचं धरण होतं. रस्ता कोरडा राहील आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या घरात पाणी जाईल. भरावाच्या जोडीला लांब पूल हवेत, पाण्याला मोकळी वाट हवी. खर्च तिथेच वाढतो, आणि तिथेच तो करायला हवा. दुसरी वाट म्हणजे गावाला वळसा. त्यावर पंपावरच्या बाई मला म्हणाल्या, "वळसा झाला तर तुम्ही आमच्याकडे कशाला थांबाल?" मला उत्तर देता आलं नाही. मी तिथे ११ वर्षं चहा घेतोय. गोदाकाठच्या गावांत नळकांडी पूल पाण्याखाली गेला की चार-चार दिवस गाव तुटतं, बाळंतीण अडकते. त्यामुळे रस्ता हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या बाईंचं दुकान हिशेबात धरूनच तो आखला पाहिजे.

एमर्सन आलं की एक गोष्ट मनात येतेच. १९ जानेवारी २०२२ ला त्याच्या पूर्वेला, सीमेपासून काही मीटरवर, गुजरातेतल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब गोठून गेलेलं सापडलं. धाकटा मुलगा ३ वर्षांचा होता. त्याच आठवड्यात मी हीटर लावलेल्या केबिनमध्ये तिथून गेलो होतो. अजूनही जाताना मी पूर्वेकडे बघतो.

ओट्सच्या दोन्ही खेपा काल संपल्या. दुसऱ्या खेपेला म्हातारा गेटपाशी येऊन उभा होता. मी खाली उतरलो, त्याच्या चरातली माती उचलली, दाबली. गोळा झाला. त्याने मान हलवली, "अजून दोन आठवडे." आबांनीही हेच सांगितलं असतं.

उद्या पहाटे ४ ला फार्गोकडे निघायचंय. मॉरिसला थांबून पुलाखाली पाणी कुठवर चढलंय ते बघेन आणि आबांना फोटो पाठवेन. तिकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. रान नांगरून तापत पडलेलं, आणि आबा लिंबाखाली बाजेवर फोन हातात धरून.