लिंबू कडू का होतं

लिंबाचा पदार्थ बिघडला तर फळाला दोष देण्याआधी बी, सालीखालचा पांढरा थर आणि आच या तिघांकडे बघा. बी चिरडली की कडू, पांढरा भाग किसला गेला की कडू, आणि रस उकळला की वास उडून नुसता आंबटपणा उरतो. म्हणून आलूपोह्यांवर गॅस बंद केल्यावरच पिळा, मग सांबार (कोथिंबीर) घाला. डाळ शिजायच्या आधी लिंबू पडलं तर ती दडदडीत राहते.

अकोला जिल्ह्यातल्या वाडेगाव-बाळापूरकडचं कागदी लिंबू पातळ सालीचं. चांगलं फळ 40 ते 50 ग्रॅमचं, एकातून मोठा चमचाभर रस सहज निघतो. पिळण्याआधी पाटावर तळहाताखाली दाबून फिरवा.

गोड लोणच्याला पूर्ण पिवळी झालेली लिंबंच घ्या, हिरव्याची साल कडवट लागते. 1 किलो लिंबं धुऊन, पुसून रात्रभर फडक्यावर पसरा. आठ-आठ फोडी करा, बिया एकूण एक काढा. 200 ग्रॅम मीठ आणि 2 छोटे चमचे हळद लावून काचेच्या बरणीत भरा. तोंडाला फडकं बांधून 15 ते 20 दिवस उन्हात ठेवा, रोज कोरड्या चमच्याने हलवा. फोड दोन बोटांत दाबा. साल मऊ पडून सहज मोडली, तरच 1 किलो किसलेला गूळ आणि 50 ग्रॅम तिखट घाला. इथे घाई नडते. कच्च्या सालीवर गूळ पडला की तो सालीतलं पाणी ओढून घेतो, मग फोडी महिनाभरानंतरही चामड्यासारख्या चिवट राहतात. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तर नकोच.

अडचण अशी, की आपल्याकडे आंबिया बहाराचं (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) लिंबू पावसाळ्यात स्वस्त होतं आणि तेव्हाच ऊन नसतं. उन्हाळ्यात ऊन भरपूर, पण लिंबू महाग. पावसाळ्यात करायचं तर अख्खी लिंबं कुकरच्या डब्यात, डब्यात पाणी न घालता (पाणी फक्त कुकरच्या तळाशी), झाकण ठेवून शिट्टीशिवाय 10-12 मिनिटं वाफवा. गार झाल्यावर पुसून चिरा, बिया काढा आणि वरच्याच मापाने मीठ, हळद, गूळ, तिखट घाला. हे लोणचं चार-पाच दिवसांत मुरतं, मात्र फ्रिजमध्येच ठेवा.

भट्टी नसली तरी लिंबाचा केक होतो. 2 लिंबांची फक्त पिवळी साल बारीक किसणीवर किसा आणि पाऊण वाटी साखरेत बोटांनी चोळा. साखर ओलसर झाली की तेल सुटलं समजा. त्यात 1 वाटी बारीक रवा, पाऊण वाटी दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी तेल घालून अर्धा तास झाका. अर्धा छोटा चमचा सोडा आणि त्यावर मोठा चमचाभर रस अगदी शेवटी, आणि लगेच तूप लावलेल्या डब्यात ओता. पीठ थांबलं तर बुडबुडे निघून जातात, केक चपटा बसतो. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, रिंग-शिट्टी काढून 10 मिनिटं तापवा, मग डबा ठेवून मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं. रस वाढवला तर केक पांढुरका राहतो.

साल किसलेली लिंबं दुसऱ्या दिवशी दगडासारखी होतात. ती त्याच दिवशी पिळा, 1 वाटी रसात 2 वाट्या साखर आच न लावता विरघळवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पेलाभर गार पाण्याला त्यातले 3 मोठे चमचे आणि चिमूटभर मीठ पुरतं.