पगारपत्रकातले दोनशे रुपये

आज आजीला भेटायला सिन्नरकडच्या गावी गेलो होतो. परतताना तिने गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला पाझर तलाव, तळाशी थोडंसं पाणी. म्हणाली, "याची माती मी वाहिलीय रे. बहात्तरला."

१९७२चा दुष्काळ आमच्या घरात अजून जिवंत आहे. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडणं, मिलोची म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी, कामावर खायला मिळणारी कोरडी सुकडी. आजी सांगते, तेव्हा ती हात बघत असते.

रात्री नाशिकला घरी आल्यावर पगारपत्रक काढून बसलो. व्यवसाय कर, २०० रुपये. दर महिन्याला कापला जातो आणि मी दर महिन्याला कुरकुरतो. हा कर १९७५ साली महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेसाठीच लावला गेला होता. शहरातल्या पगारदाराने द्यायचं, सरकारने तितकीच भर घालायची आणि त्यातून गावातल्या माणसाला काम. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना धसास लावली. १९७७ला रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. मदत नव्हे, हक्क! पुढे २००५चा देशाचा रोजगार हमी कायदाही याच वाटेने आला.

२०२०च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्यावरून डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसं मी पाथर्डी फाट्याजवळ पाहिली. शहरात त्यांच्यासाठी असा कुठलाच हमी कायदा नव्हता. देशभर लागू होईल असा आजही नाही. मला याचा फार त्रास होतो.

आजीला उद्या फोन करून या कराबद्दल सांगणार आहे.